वस्त्राची साक्ष आणि रक्ताची साक्ष

आपल्या शिंपी ज्ञातीत जन्मलेल्या माणसाची एक खोड अशी की, समोरून कोणी आला तर त्याच्या मुखाकडे पाहण्यापूर्वी आपली दृष्टी त्याच्या खांद्यावर आणि कॉलरवर जाते. शिवण कोणत्या हाताची, अस्तर कोणते, काजे हाताने केली की यंत्राने, हे आपण न विचारता पाहून घेतो. ज्ञातीतील पुष्कळांनी आता कात्री व गज खाली ठेवून नोकरीचा किंवा अन्य धंद्याचा मार्ग धरला आहे, तरी ही खोड सुटलेली नाही. संत नामदेवमहाराजांनी हरिभक्तीचे वर्णन करताना गज आणि कात्री यांचेच रूपक योजिले, आणि ते पद शिखांच्या गुरु ग्रंथसाहेबात समाविष्ट आहे. तेव्हा हिला खोड न म्हणता वारसा म्हणावे हेच योग्य. या वर्षीच्या स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख द्यावा अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा आम्ही बुद्ध्याच असा विषय निवडला की, ज्यात शिंप्याची साक्ष आणि घराण्याची वंशावळ या दोहोंचा संबंध यावा. हकीकत घडली ती फार दूर, ऑस्ट्रेलियात. परंतु ती वाचता वाचता आम्ही आमच्याच घरातील भिंतीवरच्या एका तसबिरीपाशी येऊन थांबलो, तो प्रकार पुढे येईलच.

१ डिसेंबर १९४८ रोजी सकाळी ॲडलेड शहराच्या नैर्ऋत्येस सॉमरटन येथील समुद्रकिनाऱ्यावर एक पुरुष मृतावस्थेत आढळला. वाळूत पाय पसरून, बंधाऱ्याच्या भिंतीस डोके टेकून तो पडला होता. वय चाळीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान, उंची सुमारे १८० सेंटिमीटर, बांधा सुदृढ, अंगावर मारहाणीची खूण नाही. पोशाख नीटनेटका होता: पांढरा शर्ट, लाल-पांढरा-निळा टाय, तपकिरी पाटलोण, विणलेला तपकिरी पुलोव्हर आणि वर करड्या-तपकिरी रंगाचा डबल ब्रेस्ट कोट. डिसेंबर हा तिकडे उन्हाळ्याचा महिना हे लक्षात घेतले म्हणजे हा पोशाख जरा जडच म्हणावा लागेल. डोक्यास हॅट नव्हती, ही गोष्ट त्या काळी चमत्कारिक वाटावी अशी होती. खिशात पैशाचे पाकीट नव्हते. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट ही की, अंगावरच्या कपड्यांची लेबले काढून टाकलेली होती.

कपड्यावरचे लेबल म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. शिंपी किंवा दुकानदार आपले नाव व गाव कॉलरच्या आत शिवतो, ते गिऱ्हाइकाने पुन्हा आपल्याकडे यावे म्हणून. पण बेवारस प्रेतावर तेच लेबल पत्र्याच्या पाटीसारखे उपयोगी पडते. त्यावरून दुकान सापडते, दुकानाच्या वहीवरून गिऱ्हाईक सापडते. येथे ती वाटच कोणीतरी बंद करून ठेवलेली होती.

१४ जानेवारी १९४९ रोजी ॲडलेडच्या रेल्वे स्थानकावर सामान ठेवण्याच्या खोलीत एक तपकिरी सूटकेस सापडली. तिचेही लेबल काढलेले होते. ३० नोव्हेंबर रोजी सकाळी अकरानंतर ती तेथे ठेवण्यात आली होती. आत झगा, सपाता, पायजमे, दाढीचे साहित्य असे प्रवासी माणसाचे सामान होते. शिवाय वीजकामाचा स्क्रूड्रायव्हर, जेवणाच्या टेबलावरची सुरी घासून केलेले आखूड धारदार हत्यार, टोके तीक्ष्ण केलेली कात्री, जस्ताचा लहान चौकोनी तुकडा आणि अक्षरे उमटविण्याचा कुंचला अशा वस्तू होत्या. मेण लावलेल्या नारिंगी दोऱ्याची बार्बर छापाची एक गुंडाळीही होती. हा दोरा ऑस्ट्रेलियात सहसा मिळत नसे. आणि मृताच्या पाटलोणीच्या खिशाचे अस्तर उसवले होते ते नेमक्या तशाच दोऱ्याने शिवलेले आढळले. सूटकेस कोणाची हा प्रश्न त्या एका दोऱ्याने सोडविला. बोटांचे ठसे, कागदपत्रे, साक्षीदार यांपैकी कोणीही जे सांगू शकले नाही, ते खिशाच्या आतील चार टाक्यांनी सांगितले. ही गोष्ट आमच्या ज्ञातिबांधवांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सूटकेसमधील तीन वस्तूंवर मात्र नाव राहून गेले होते. टायवर ‘टी. कीन’, कपडे धुण्यास देण्याच्या पिशवीवर ‘कीन’, आणि एका बनियनवर तेच नाव एक अक्षर कमी करून लिहिलेले. धुलाईवाल्याने घातलेले तीन क्रमांकही मिळाले. पोलिसांनी टी. कीन नावाच्या माणसाचा शोध चालविला. इंग्रजी बोलणाऱ्या कोणत्याही देशात त्या नावाचा मनुष्य बेपत्ता नाही असे उत्तर आले. धुलाईचे क्रमांक देशभर प्रसिद्ध करण्यात आले, तरी कोणी पुढे आले नाही. तेव्हा पोलिसांनी असा तर्क केला की, ज्याने बाकीची लेबले काढली त्याला मृताचे नाव कीन नाही हे ठाऊक असावे, म्हणूनच त्याने ही नावे राहू दिली. तर्क वरकरणी फार चतुर दिसतो. तो कोठे चुकला ते पुढे पाहू.

कॉरोनरपुढे चौकशी चालली. (मुंबईकर वडीलधाऱ्यांस हा शब्द परिचित आहे, मुंबईत हे पद १९९९ पर्यंत होते.) त्या चौकशीत सूटकेसमधील एका कोटाविषयी तज्ज्ञमत घेण्यात आले, आणि आमच्या मते सबंध प्रकरणातील मोठा रसाचा भाग हाच आहे. कोटाच्या दर्शनी भागाची ठेवण आणि पक्ष्याच्या पिसाप्रमाणे दोन्ही अंगांस तिरके जाणारे टाके यांवरून तो अमेरिकेत तयार झालेला आहे असे ठरले, कारण त्या प्रकारचा टाका घालणारी यंत्रे त्या वेळी केवळ त्याच देशात होती. असा कोट कारखान्यात अर्धा तयार होतो आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून, मापास बसवून मग पुरा केला जातो. तो कोट परदेशी माल म्हणून आयात झालेला नव्हता. म्हणून मृत मनुष्य स्वतः अमेरिकेत जाऊन आला असावा, किंवा अमेरिकेत जाऊन आलेल्या आपल्याच अंगलटीच्या माणसाकडून त्याने तो घेतला असावा, असे दोन पर्याय पुढे आले.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. साक्ष अचूक होती. टाक्यावरून यंत्र, यंत्रावरून देश, हा क्रम कोणत्याही जाणत्या कारागिराने मान्य करावा असाच आहे. पर्यायही दोन सांगितले होते. परंतु लोकांनी पहिला पर्याय उचलला आणि दुसरा सोडून दिला. अमेरिकेहून आलेला परका, लेबले काढलेली, त्यातच पाटलोणीच्या घड्याळाच्या चोरखिशात घडी घातलेला कागदाचा कपटा आणि त्यावर छापलेले ‘तमाम शुद’ हे दोन फारसी शब्द! हे शब्द उमर खय्यामच्या रुबायांच्या इंग्रजी भाषांतराच्या अखेरच्या पानावरून फाडलेले होते. माधव जूलियन यांच्यामुळे त्या रुबाया मराठी वाचकांस परक्या नाहीत, आणि ‘तमाम’ हा शब्द तर आपल्या रोजच्या बोलण्यातला. ‘तमाम शुद’ म्हणजे समाप्त झाले. पुढे ते पुस्तकही मिळाले आणि त्याच्या मागील पानावर गूढ अक्षरे आढळली. एवढ्या सामग्रीवर हेरकथा रचली जाणार नाही तर काय? युद्ध नुकतेच संपलेले, रशिया व अमेरिका यांचे वैमनस्य सुरू झालेले. पुढची सत्तर वर्षे त्या अनामिक माणसास गुप्तहेर ठरविण्यात गेली.

एक साधी गोष्ट मात्र बहुतेक हेरकथांतून निसटली. ऑस्ट्रेलियात १९४२ पासून १९४८ च्या मध्यापर्यंत कपड्यांवर रेशन होते. नवा कपडा कुपनावाचून मिळत नसे, म्हणून जुना कपडा घेणे ही सर्वसाधारण गोष्ट झालेली होती. त्या काळी कपड्यावर आपल्या नावाची पट्टी लावण्याची चाल होती, आणि जुना कपडा विकत घेणारा मनुष्य पहिल्या मालकाच्या नावाची पट्टी काढून टाकी. रेशनचा काळ ज्यांनी आपल्याकडे पाहिला आहे त्या वृद्धांस हे समजावून सांगण्याचे कारण नाही. थोरल्याचा सदरा धाकट्यास आणि बापाचा कोट उलटवून मुलास, हे आपल्या कितीतरी दुकानांनी करून दिलेले काम आहे. म्हणजे लेबल काढणे हे हेराचेच लक्षण असे नसून ते गरिबीचे किंवा काटकसरीचेही लक्षण असू शकते. हे वस्त्राच्या इतिहासावाचून कळत नाही. केवळ टाका ओळखून भागत नाही; तो कपडा ज्या समाजात फिरला त्या समाजाची राहणी, त्याची टंचाई, त्याचे कायदे हेही ठाऊक असावे लागतात.

१४ जून १९४९ रोजी ॲडलेडच्या वेस्ट टेरेस स्मशानभूमीत त्या अनामिकाचे दफन झाले. तत्पूर्वी त्याच्या मस्तकाचा व छातीचा प्लॅस्टरचा साचा घेऊन पुतळा करून ठेवण्यात आला होता. साचा काढताना त्याचे काही केस प्लॅस्टरमध्ये अडकून राहिले. ते केस कोणी मुद्दाम जतन केले नव्हते, आपोआप राहिले. साठाहून अधिक वर्षांनी ॲडलेड विद्यापीठातील प्राध्यापक डेरेक ॲबट यांनी त्या केसांचा उपयोग करावयाचे ठरविले. ॲबट हे विद्युत् अभियांत्रिकीचे अध्यापक. त्यांच्या जोडीस अमेरिकेतील जनुकीय वंशावळीच्या अभ्यासक कॉलीन फिट्झपॅट्रिक या आल्या.

ही विद्या कशी चालते ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. आई-बापांपासून प्रत्येकी निम्मा याप्रमाणे आपणांस जनुकांचा वारसा मिळतो. सख्ख्या चुलत, मामे, आते किंवा मावस भावंडांत सामायिक वाटा साधारण साडेबारा टक्के असतो. त्यांच्या मुलांमुलांत तो तीन टक्क्यांच्या आसपास येतो. आणि त्या मुलांच्या मुलांत पाऊण टक्का. गणित सोपे आहे, परंतु त्याचा उलट उपयोग करता येतो हीच खुबी. एखाद्या अनोळखी नमुन्याचा आणि एखाद्या जिवंत माणसाचा सामायिक वाटा पाऊण टक्का निघाला, तर दोघांचे खापरपणजोबा एक असावेत असा अंदाज करून कागदपत्रांतून खाली उतरत यावयाचे. याकरिता लोकांनी स्वतःहून दिलेल्या नमुन्यांचा संग्रह लागतो. २०१० मध्ये सुरू झालेला ‘जेडमॅच’ हा असा संग्रह होय. २०१८ मध्ये अमेरिकेत एका जुन्या खुन्याचा शोध त्यावरून लागल्यापासून पोलिसांचे लक्ष तिकडे वळले.

सॉमरटनच्या केसावरून दूरचा एक नातलग सापडला. मग जन्ममृत्यूच्या नोंदी, विवाहाच्या नोंदी, वर्तमानपत्रांतील सूचना यांच्या आधाराने सुमारे ४,००० नावांची वंशावळ तयार करण्यात आली. त्या एवढ्या नावांत एक नाव असे होते की, त्याच्या जन्माची नोंद आहे, विवाहाची आहे, पण मृत्यूची नाही. कार्ल वेब, जन्म १६ नोव्हेंबर १९०५, मेलबर्नचे उपनगर फुट्सक्रे. धंदा वीजकाम व उपकरणे बनविणे. मातृकुळ व पितृकुळ अशा दोन्ही बाजूंच्या वंशजांशी नमुने जुळविण्यात आले आणि २६ जुलै २०२२ रोजी ॲबट व फिट्झपॅट्रिक यांनी हे नाव जाहीर केले. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांनी २०२१ च्या मे महिन्यात प्रेत उकरून स्वतंत्र तपास आरंभिला होता. नाव जाहीर झाले त्या वेळी त्यांनी त्यावर शिक्कामोर्तब केलेले नव्हते, हेही न्यायाने नमूद करावयास हवे.

आता टी. कीन. कार्ल वेबच्या एका बहिणीचा पती थॉमस जेरल्ड कीन नावाचा होता. कीन बेपत्ता नव्हता, हे पोलिसांनी १९४९ मध्ये मिळविलेले उत्तर खरेच होते. बेपत्ता होता तो त्याचा मेव्हणा! टाय दाजींचा, पिशवी दाजींची. अमेरिकन कोट, नारिंगी दोरा आणि फारसी शब्द यांनी ज्याला सातासमुद्रांपलीकडचा हेर केले, तो मेलबर्नचा एक वीजकामगार बहिणीच्या घरचे जुने कपडे घेऊन प्रवासास निघालेला होता. १९४७ मध्ये त्याने पत्नीचे घर सोडले होते. १९५१ मध्ये तिने परित्यागाच्या कारणावरून घटस्फोटासाठी अर्ज केला. ज्या पतीने आपणांस टाकले असे ती न्यायालयास सांगत होती, तो दोन वर्षांपूर्वीच, अनामिक म्हणून, मातीआड झाला होता. सूटकेसमधील घासलेली सुरी, जस्ताचा तुकडा आणि कुंचला यांचाही अर्थ आता निराळा लागतो. आमच्या मते ती उपकरणे बनविणाऱ्या कारागिराची हत्यारे होत. आपल्यापैकी कोणाच्या पिशवीत खडू, टेप व अंगुस्तान सापडावे तशी.

वस्त्राची साक्ष आणि रक्ताची साक्ष अशा रीतीने एकमेकींस पुऱ्या पडल्या. रक्ताने नाव सांगितले. पण ते नाव खरे कशावरून, असे विचारणारास टायवरील ‘कीन’ने उत्तर दिले. उलटपक्षी त्या टायचा अर्थ रक्तावाचून त्र्याहत्तर वर्षांत कोणास लागला नाही. जनुकांच्या बाजूने केवळ आकडे असते, तर शंका घेण्यास जागा राहिली असती. कपड्यांच्या बाजूने केवळ नाव होते, तेव्हा चुकीच्या माणसाचा शोध झाला.

अमेरिकेतील दुसरी एक गोष्ट येथे थोडक्यात सांगतो. २४ एप्रिल १९८१ रोजी ओहायो राज्यात रस्त्याच्या कडेला एका तरुणीचे प्रेत मिळाले. पायांत काही नव्हते. अंगात हरणाच्या कातड्याचे, कडांस झिरमिळ्या लावलेले, आत जांभळे अस्तर असलेले जाकीट होते. जाकीट इतके वेगळे की, ते पाहिलेला मनुष्य विसरणार नाही असे सर्वांस वाटले, आणि त्यावरूनच तिला ‘बकस्किन गर्ल’ असे नाव पडले. ते जाकीट सदतीस वर्षे वर्तमानपत्रांतून छापले गेले. त्याने तिला टोपणनाव दिले, खरे नाव दिले नाही. २०१७ मध्ये फिट्झपॅट्रिक व मार्गरेट प्रेस यांनी ‘डीएनए डो प्रोजेक्ट’ ही स्वयंसेवी संस्था काढली. तिच्या कार्यकर्त्यांनी जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यावरून एप्रिल २०१८ मध्ये तिची ओळख पटविली. ती आर्कान्सा राज्यातील एकवीस वर्षांची मुलगी होती. मुलगी परत येईल किंवा तिचा फोन तरी येईल या आशेने तिच्या आईने तेवढी सर्व वर्षे घर बदलले नाही आणि टेलिफोनचा क्रमांकही बदलला नाही. हे वाचून आम्ही पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो, हे लपविण्याचे कारण नाही.

याच्या उलट, वस्त्राचा इतिहास नीट न पाहता केवळ जनुकांवर भिस्त ठेवली तर काय होते, तेही पाहण्याजोगे आहे. लंडनमध्ये १८८८ साली झालेल्या कुप्रसिद्ध खुनांपैकी एका खुनाच्या जागी मिळाली म्हणून सांगितली जाणारी एक रेशमी शाल २००७ मध्ये लिलावात विकली गेली. तिच्यावरील डागांवरून खुनी कोण ते ठरले, असा गाजावाजा २०१४ मध्ये एका पुस्तकात आणि २०१९ मध्ये एका शास्त्रीय नियतकालिकात झाला. परंतु ती शाल त्या जागी होती याचाच भरवसा नाही. मधल्या शंभराहून अधिक वर्षांत ती कितीजणांच्या हातांतून गेली. आणि तपासलेला वारसा आईकडून येणारा, जो हजारो माणसांत सारखा असू शकतो. ज्याने शाल प्रथम शिंप्याच्या व विणकराच्या नजरेने तपासली असती, तो पुढचा खर्च करण्यापूर्वी दहा वेळा विचार करता.

वस्त्रावरून काळ ठरविणाऱ्यांची रीत मोठी शिस्तीची असते. टेरिलीनचा शोध इंग्लंडात १९४१ चा. तेव्हा त्याचा धागा असलेले कापड त्यापूर्वीचे असू शकत नाही. ब्रिटनमध्ये काटकसरीच्या कपड्यांवर ‘सीसी ४१’ हा शिक्का १९४१ ते १९५२ या काळात मारला जाई. अमेरिकेत कपडा कसा धुवावा याची सूचना शिवणे १९७२ पासून सक्तीचे झाले. अशा खुणांनी कपडा कोणत्या वर्षापूर्वीचा नाही हे कळते. कोणत्या वर्षानंतर तो अंगावर नव्हता, हे मात्र कधीच कळत नाही. आजीची पैठणी नात आज आपल्या लग्नात नेसते. पैठणीचे वय काढाल ते आजीचे निघेल.

आपल्याकडेही बेवारस प्रेतांच्या पोलिसी सूचना वर्तमानपत्रांत येतात, आणि त्यांत चेहऱ्यापेक्षा कपड्यांचेच वर्णन अधिक असते: अंगात अमुक रंगाचा शर्ट, कॉलरवर अमुक टेलरचे लेबल. शिंप्याचे लेबल व धोब्याची खूण यांना ओळख पटविण्याच्या कामी आपल्या पोलिसांनी पूर्वीपासून महत्त्व दिले आहे. तयार कपड्यांच्या या दिवसांत एकच लेबल लाखो सदऱ्यांवर असते, आणि घरोघर धुलाईयंत्रे आल्याने धोब्याची खूण नाहीशी झाली. कारागिराचा हात जसजसा कपड्यावरून उठला, तसतशी माणसाची ओळखही त्यावरून उठत चालली आहे. त्यामुळे रक्ताच्या साक्षीवर भार वाढणार, हे उघड आहे.

म्हणून काय आपणही सर्वांनी जनुकांचे नमुने देत सुटावे? आमचे मत तसे नाही. एकाने नमुना दिला म्हणजे त्याने आपल्या चुलत्या-मामांचाही अर्धामुर्धा नमुना त्यांना न विचारता दिल्यासारखे होते. जेडमॅचने २०१९ मध्ये, पोलिसांच्या तपासासाठी ज्याची स्वतःहून संमती असेल त्याचाच नमुना वापरण्याचा नियम केला, तो याच कारणाने. आपल्या देशात या विषयाचे विधेयक लोकसभेत आले होते; २०२३ मध्ये ते मागे घेण्यात आले. आणखी एक अडचण खास आपली आहे. पिढ्यान् पिढ्या ज्ञातीतल्या ज्ञातीत सोयरिका, त्यातही मामाची मुलगी करण्याची चाल. यामुळे दोन माणसे एकाच नव्हे तर चार-चार वाटांनी एकमेकांची नातलग लागतात. अशा समाजात पाऊण टक्क्याचे नाते तीन टक्क्यांचे भासते आणि परदेशी गणित फसते. आणि अशा चाचण्यांवरून ज्ञातीच्या रक्ताची शुद्धता सिद्ध करून देतो म्हणणारे जे व्यापारी निघतील, त्यांना तर दारातूनच परत पाठवावे. भारतातील जवळजवळ सर्वच समूह प्राचीन काळी परस्परांत मिसळलेले आहेत आणि बेटीबंदी ही पुढची गोष्ट आहे, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले आहे. त्यात हैदराबादच्या शास्त्रज्ञांचाही भाग होता.

वंशावळीचे काम मात्र कागदाचे आहे, आणि ते आपण उत्तम करू शकतो. त्र्यंबकेश्वर व नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या, दक्षिणेकडील जिल्ह्यांत हेळव्यांनी राखलेल्या कुळांच्या नोंदी, ही आपली जुनी संपत्ती. अलीकडे कितीतरी घराण्यांनी छापील वंशावळी काढल्या आहेत. आम्ही त्या उत्सुकतेने पाहिल्या आणि प्रत्येक वेळी एकाच जागी अडलो. त्यांत मुलगे आहेत, नातू आहेत, पणतू आहेत, मुली नाहीत. कोठे असल्या तर ‘कन्या दोन’ एवढाच उल्लेख. कोणत्या घरी दिल्या, कोणत्या गावी, पुढे त्यांचे काय झाले, हे काही नाही. कार्ल वेबच्या घराण्याची वंशावळ आपल्या पद्धतीने छापली असती, तर तीत त्याच्या बहिणीचे नाव नसते, आणि बहिणीचे नाव नाही म्हणजे कीन नाही. मग तो टाय आणखी शंभर वर्षे निनावी राहता.

आमच्या स्वतःच्या घरची गोष्ट याहून वेगळी नाही. आरंभी ज्या तसबिरीचा उल्लेख केला ती आमच्या माजघरात आहे. तीत नऊवारी नेसलेली एक तरुण स्त्री खुर्चीवर बसली आहे. पोलक्याच्या बाह्या खांद्याशी फुगीर, मनगटाशी झालर, गळ्याशी उंच पट्टी. अशी पोलकी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात होती, आणि झालरीची चुणी इतकी सारखी आहे की, ती घरच्याच हाताने घातली असावी असे आम्हांस नेहमी वाटत आले. आजोबा सांगत की, ही आपल्या वडिलांची बहीण. पलीकडे त्यांनाही काही ठाऊक नव्हते. आमच्या छापील वंशावळीत पणजोबांच्या पिढीत चार भावांची नावे आहेत, बहीण नाही. पोलक्यावरून आम्ही तिचा काळ सांगू शकतो, तिच्या घरची सांपत्तिक स्थिती सांगू शकतो, कदाचित तिच्या हाताचे कसबही सांगू शकतो. तिचे नाव सांगू शकत नाही. तिचे पणतू-पणत्या आज याच ज्ञातीत कोठे तरी असतील, ही स्मरणिका कदाचित त्यांच्याही घरी जात असेल, आणि समोरासमोर आलो तरी आम्ही एकमेकांस ओळखणार नाही.

या अंकाबरोबर सभासद कुटुंबांची माहिती मागविणारा तक्ता पाठविण्यात येत आहे. त्यात या वर्षीपासून मुली, त्यांची सासरची नावे, गाव आणि त्यांची मुले यांसाठी स्वतंत्र रकाने घालावेत अशी आम्ही कार्यकारी मंडळास विनंती केली आणि मंडळाने ती मान्य केली, याबद्दल आम्ही आभारी आहोत. वृद्ध आत्या, मावशी, आज्या ज्यांच्या घरी आहेत त्यांनी हे रकाने त्यांच्याजवळ बसून भरावेत. जुन्या तसबिरी असतील तर मागील बाजूस पेन्सिलीने नावे लिहून ठेवावीत, आणि एखादे जुने पोलके किंवा अंगरखा पेटीत असेल तर ते कोणी शिवले, कोणी घातले, याची चिठ्ठी त्यास टाचून ठेवावी. आम्ही आमचा तक्ता भरला आहे. पणजोबांच्या ओळीत चार भावांपुढे पाचवा रकाना आखून तो रिकामा ठेवला आहे.